दुखना नाय, वढता

वैनी, कावळा लगेच शिवला.

तुझ्या मुलानं पिंडाचं पान खाडीकाठच्या दगडावर ठेवलं. तो मागे सरतोय तोवर माडावरून एक उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि चोच मारली. भटजींनी हात जोडले. आम्ही बायका जरा लांब उभ्या होतो, तिथे सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "कायेक रवला नाय गो तिचा, समाधानान गेली," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्या माना हलवायला लागल्या. लोकांच्या घरी कावळा अडून बसतो. मग एकेक जण पुढे होतो, धाकट्याचं लग्न लावू, आईकडे बघू, अशी वचनं देतो. आपल्याकडे कुणावर तोंड उघडायची पाळीच आली नाही. मला त्या कावळ्याचा असा राग आला, की हाताशी दगड असता तर मी उचलला असता.

तो कावळा अगदी तुझ्यावर गेला होता. कुणी नीट विचारायच्या आत "बरा आसा" म्हणून मोकळा.

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी दारावर मासे आले, मी बांगडे घेतले, आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ठेवलेला तुझा आडाळो खाली मांडला. शाळेत मुलांना मी विळी म्हणायला शिकवलं, पण या घरात तो कायम आडाळोच राहिला. त्याच्या पाटावर एक पाय दुमडून बसायचं, दुसरा गुडघा उभा, आणि मासा पात्यावरून असा फिरवायचा की काटा न तुटता तुकडी खाली पडते. मी बसले तेव्हा माझा पाय सहज दुमडला. मला त्याचीच लाज वाटली आणि मग रडू आलं. तेरा दिवसांत आलं नव्हतं ते तिथे, बांगड्यांसमोर आलं.

दोडामार्गाकडून लग्न होऊन मी तुझी धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा मला काजू सोलता येत होते आणि पाढे शिकवता येत होते. बांगडा कोणता आणि पेडवा कोणता ते कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तू एक बांगडा शेपटीला धरून माझ्यासमोर नाचवलास. "मास्तरणी, ह्यो बांगडो. ह्येका नमस्कार कर, जन्मभर ह्येच्यावांगडा रवाचा आसा." सगळं घर हसलं आणि मी चिडले. पण कट्टा गावच्या शाळेत जायची माझी एसटी सकाळची, म्हणून माझ्या वाटणीचे मासे तू कापून ठेवायचीस ते कधी कुणाला सांगितलं नाहीस. सासूबाई विचारायच्या, "धाकट्येन केल्यान मां?" आणि तू "होय तर" म्हणायचीस. माझी नोकरी त्या आडाळ्यावर टिकली. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, गप गो.

तुझे पाय जन्माचे बाकदार. दोन्ही गुडघे बाहेर, मधून मांजर जाईल एवढी फट. डोक्यावर टोपली घेऊन तू बाजाराला निघालीस की किनाऱ्यावरचे म्हणायचे, "वैनीची होडी सुटली." तू त्यांना त्याच्या दुप्पट ऐकवायचीस. त्याच पायांनी तू एवढी वर्षं वाळू तुडवलीस, टोपल्या वाहिल्यास, पोरं वाढवलीस. मग उजवा गुडघा बोलायला लागला. आधी पायऱ्यांवर, मग रात्री झोपेत, मग बसल्या जागी. तेल झालं, पट्टा झाला, कुणी सांगितलेला पाला बांधून झाला. शेवटी तुझ्या नवऱ्यानं, भावजींनी, तुला घाटावरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तेव्हा मीच सर्वांत जास्त मागे लागले होते आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ते दुखणं खरं होतं आणि त्या ऑपरेशननं ते गेलंही. रात्रीची तू झोपायला लागलीस. त्या डॉक्टरला शिव्या देताना एवढं मी बाजूला काढून ठेवते.

टाके सुकले आणि तू अंगणात उभी राहिलीस, तेव्हा वाडी बघायला आली. उजवा पाय पट्टी लावून आखल्यासारखा सरळ! "वैनी, आता सरळ झालंस गो." जो येईल तो हेच. भावजी तर एक्सरे घेऊन खिडकीत उभे राहायचे आणि उजेडात धरून दाखवायचे. तू हसत होतीस. तुझा पाय जन्माचा तसा का होता, त्याच्या आतलं सगळं कुठल्या मापाचं घडलं होतं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

फिजिओवाला मुलगा यायचा आणि म्हणायचा, वाकवा, आजी, अजून थोडा. तू ओठ चावून वाकवायचीस. एका ठिकाणी येऊन तो अडायचा. तू म्हणायचीस, "दुखना नाय रे, वढता." तो म्हणायचा, सुरुवातीला होतं असं, होईल सवय. सवय झाली नाही. चालायला ठीक, उभं राहायला ठीक. पण दुमडायला गेलीस की आतून काहीतरी आवळायचं आणि पाय तिथेच थांबायचा. आडाळ्यावर बसणं संपलं. तुला ओट्याशी उभं करून हातात सुरी दिली. त्या सुरीकडे तू असं बघितलंस की विचारू नकोस. "ह्येन काय मासे कापतत? ह्येन वर्गात पेन्सिली तास तुझ्यो." जेवायला सगळे पाटावर आणि तू खुर्चीत. सणासुदीला पंगतीत एकटी वर बसलेली. मांडी घालून बसता न येणं ही कुणाला दिसण्याजोगी गोष्ट नसते, वैनी. चालणारं माणूस लोकांना बरं झालेलंच दिसतं.

आणि मग ती तपासणीची वारी. माझ्या डोक्यातून ती जात नाही, म्हणून तुला परत तिथे नेते.

दवाखान्याच्या दारात आपल्या माणसांची भाषा बदलते. घरी, बाजारात, देवळात खणखणीत मालवणी बोलणारी तू, त्या टेबलासमोर बसलीस आणि पदर सारखा करून शुद्ध मराठीत शिरलीस. "वढता"चं शुद्ध काय, ते तू मनात जुळवलंस असणार, कारण तू जरा थांबलीस. आणि म्हणालीस, "डॉक्टर, गुडघ्याला ओढ लागते."

डॉक्टर कॉम्प्युटरमधून बाहेर आले. "ओढ लागते? कुणाची ओढ लागली, आजी?"

सिस्टर हसली. भावजी हसले. तूही पदर तोंडाला लावून हसलीस. मी सांगितलं, दुमडताना आतून ओढल्यासारखं होतं त्यांना, पाय पुढे जातच नाही. डॉक्टर म्हणाले, "पण दुखतं का?" तू म्हणालीस, "दुखत नाही." ते खरंच होतं. "मग उत्तम!" त्यांनी पडद्यावरचा फोटो आपल्याकडे वळवला, पाय कसा सरळ बसलाय ते दाखवलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं दुखण्याचं विचारलं आणि तू खरं उत्तर दिलंस. त्याच्या प्रश्नात वढण्याला जागाच नव्हती.

गाडीनं घाट उतरला. मग तू मला हळूच विचारलंस, "माझी मराठी चुकली काय गो?"

मी अनेक मुलांच्या वह्या तपासल्यात. इतका वाईट प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

त्यानंतर घरात एक शब्द रुजला, मनातला. "मनातला असता ता," भावजी म्हणायचे. "डॉक्टरान फोटो दाखवल्यान. सरळ आसा पाय. आणखी काय होया हिका?" कट्ट्याच्या एका बाईचं उदाहरण तर तुला जेवणासोबत वाढलं जायचं. तिचे दोन्ही गुडघे केले, ती आता बाजारभर फिरते, तुझो एकच केलो तरी तुझी कुरकुर. भावजी दुष्ट नाहीत, तुला माहीत आहे. त्यांना भीती वाटत होती. एवढं करूनही तू बरी नसलीस तर पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं, म्हणून तुला बरी ठरवणं सोपं होतं. पण भीती होती म्हणून मी त्यांना माफ करणार नाही. तू केलंस, ते तुझं तू बघ. हळूहळू तू सांगणंच सोडलंस. कुणी विचारलं की "बरा आसा." मी विचारलं की, "मास्तरणी, शाळेत पोर नापास झाला काय तू तेच्या आवशीक-बापाशीक बोलावतंस. माझ्या गुडघ्याची आवस खंय शोधू?"

गोव्यातल्या एका डॉक्टरकडे मी तुला जवळजवळ फसवून नेलं. माझे डोळे दाखवायचेत म्हणाले आणि गुडघ्याच्या डॉक्टरच्या दारात उभी केली. तू चिडलीस, पण भांडण बाहेर दिसू नये म्हणून खुर्चीत बसलीस. पुन्हा पदर सारखा केलास. मी मनात म्हटलं, आता परत ओढ लागणार. पण तो माणूस कोकणीत बोलला, आणि तुझ्या तोंडून आपसूक आपलं आलं. "दुखना नाय, वढता."

तो हसला नाही. पेन खाली ठेवलं. "ओडटा? खंय ओडटा? भायर काय भितर?"

"भितर," तू म्हणालीस, आणि मग थांबलीच नाहीस. दुमडायला गेलं की दोरी आवळल्यासारखं होतं, जिना उतरताना काय होतं, पाटावर बसता येत नाही, आडाळ्यावर बसता येत नाही, खुर्चीत एकटीच जेवते, सगळं. त्यानं पाय दुमडून बघितला, बाजूंनी दाबून बघितला, आडवा-उभा हलवून बघितला. जुना एक्सरे बघितला, दुसरा काढायला लावला. मग टेबलावरचं एक रबरबँड घेऊन दोन मुठींवर चढवलं आणि आपल्याला समजावलं. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूचा पाट, मध्ये प्लास्टिकची चकती. तेवढं नवं. पण दोन हाडांना बाजूंनी बांधून धरणारी लिगामेंट तुमचीच, जुनी, जन्मापासूनची. ती नव्या सामानाशी जुळली पाहिजेत. त्यानं मुठी दुमडल्या आणि मध्ये अंगठा सरकवला. रबर ताठ झालं. टोपी जराशी मोठी पडली, तर पाय सरळ असताना काही कळत नाही, दुमडला की आतली जागा अपुरी पडते आणि लिगामेंट ताणली जातात. त्यात तुमचा पाय मुळात बाकदार. आतल्या बाजूचं लिगामेंट त्या बाकाच्या मापानं घडलेलं. पाय एकदम पट्टीसारखा सरळ केला की ते आणखी ओढलं जातं.

"पण फोटो सरळ आहे," मी म्हटलं. घरात ऐकून ऐकून माझ्याही तोंडात ते बसलं होतं.

तो म्हणाला, फोटोत हाड दिसतं आणि धातू दिसतो, लिगामेंट दिसत नाही. आणि याला सरळ सरळ चूक म्हणता येणार नाही. टोप्या ठरावीक मापांतच येतात. हाड दोन मापांच्या मध्ये पडलं की डॉक्टरला एक निवडावं लागतं. लहान घेतली असती तर कदाचित गुडघा सैल पडला असता आणि तुम्ही वेगळी तक्रार घेऊन आला असता. थोड्याचाच खेळ असतो.

तू सगळं ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हंजे झंपर काखेत आवळ शिवलो."

तो केवढ्यानं हसला! पण ते हसणं वेगळं होतं. "अगदी तसंच," म्हणाला. तू लगेच विचारलंस, "मगे उसवूक येता?" तेव्हा त्याचं हसू गेलं. येतं, पण दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं. बसवलेलं काढायचं, हाड पुन्हा तासायचं, लहान माप घालायचं. उपयोग होईल असं वाटतं, खात्री देता येत नाही. विचार करा.

बाहेर आल्यावर तुझा चेहरा असा उजळलेला होता की लोकांना वाटलं असतं, तुला औषध मिळालं. तू माझा हात धरलास. "खरा होता गो ता. मनातला नाय होता." मी म्हटलं, आणि मराठीही चुकली नव्हती तुझी. तू हसलीस. त्या दिवशी तू मला रस्त्यावरच्या गाडीवर भजी खायला घातलीस.

तिथेच आपलं शेवटचं भांडण सुरू झालं, कारण मी भज्यांवरच ऑपरेशन कधी करायचं ते काढलं. तू म्हणालीस, नाही करायचं. "उसवलेलो झंपर परत तसो बसना नाय." मी चिडले. खरं कळलं ना, मग ते बरं करून घे! तू म्हणालीस, "माका खरा काय ता कळला. पुरे झाला." मला ते पुरे होत नव्हतं. मग निदान भावजींना सांग, मी म्हटलं, त्यांच्या तोंडावर सांग की एवढे दिवस तुम्ही मला खोटी पाडलीत. तू म्हणालीस, "तेंका सांगून काय गुडघो दुमडतलो?"

म्हणून मीच सांगितलं. घरी आल्याआल्या, रबरबँडासकट. भावजी म्हणाले, "एक डॉक्टर एक सांगता, दुसरो दुसरा सांगता. दुसऱ्याक काय, परत कापूक होया." आणि पेपर उघडला. तू ओट्याशी उभी राहून त्या सुरीनं कांदा चिरत होतीस. मी तुझ्याकडे बघत राहिले, की आता बोलशील. तू कांदा चिरत राहिलीस. नंतर मी तुझ्याशीच भांडले, रोज, कधी ऑपरेशनवरून, कधी तुझ्या गप्प बसण्यावरून. तुझं एकच. "असांदे गो." हे "असांदे" मला अजून ऐकू येतं आणि अजून माझं टाळकं सणकतं. स्वतःचं खरं असताना माणूस असं सोडून कसं देतं? तू मला उत्तर दिलं नाहीस. मग एका सकाळी चहा घेतलास, छातीवर हात ठेवलास, खुर्चीतच मान टाकलीस. गुडघ्याचा त्यात काही संबंध नव्हता. आपलं भांडण मात्र तिथेच थांबलं आणि ते तू जिंकलीस की मी, ते सांगायला कुणी नाही.

तर आज. मी आडाळ्यावर बसून रडत होते आणि भावजी स्वयंपाकघराच्या दारात आले. बायका बसल्या असताना ते कधी आत येत नाहीत, उंबऱ्याशीच थांबले. हातात रुमालाची पुरचुंडी. ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि सोडली. धातूची टोपी आणि धातूचा पाट. काळवंडलेले, पण जसेच्या तसे. तिसऱ्या दिवशी राख सावडताना मिळाले म्हणाले.

"अस्थी खाडयेत सोडल्यो. ह्या सोडूक माझो हात होयना. परत तिच्यावांगडा कित्याक धाडू?"

त्यांनी टोपी उचलली, तळहातावर जोखली. "किती जड आसा बघ. वढत असतला तिका."

मी म्हटलं, "आता म्हणताय!" माझ्याच्यानं राहवलं नाही.

"आता नाय," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशीच म्हटलंय. राखेत हात घातलंय आणि ह्या गावला, तेवा थयच तिका सांगितलंय. खरा होता गो तुझा, म्हटलंय." आणि मग तो एवढा मोठा माणूस उंबऱ्यावर खाली बसला.

वैनी, वजनाचा काही संबंध नव्हता. मापाचा होता. इतकं रबरबँड दाखवूनही त्यांना ते कळलेलं नाही. वर्गात एखाद्याची रीत चुकली आणि उत्तर बरोबर आलं, तर मी मार्क देत नसे, आणि आजही दिले नाहीत. मी उठून त्यांना चहासुद्धा विचारला नाही. बांगडे कापले.

पण कापता कापता माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी तुला सांगून झालं होतं. राखेला का होईना, ज्यानं म्हणायला हवं होतं त्यानं म्हटलं होतं. म्हणून दहाव्याला तुझं काही राहिलंच नव्हतं. लोक खरं बोलत होते आणि मी उगाच कावळ्यावर दात धरून बसले. एवढ्याशा गोष्टीवर तुझं भागलं. एक वाक्य, तेही असं उशिरा, तेही चुकीच्या कारणानं, आणि तू म्हणालीस बरा आसा, आणि पहिल्या हाकेला खाली उतरलीस.

तुझ्या जागी मी असते तर शिवले नसते. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं असतं सगळ्यांना, उन्हात, मांडी घालून.